रस्त्यावरचा कान

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात प्रार्थनेनंतर मी मुलांना एक नियम सांगितला आणि दर्शनी फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहूनही ठेवला : सायकलवरून येता-जाता कानात हेडफोन घालायचे नाहीत. मुख्याध्यापकाच्या नोकरीत नियम करणे हे सर्वांत सोपे काम. त्यामागे काय विचार केला हे सहसा कुणी विचारत नाही, आणि विचारलेच तर 'तुमच्याच भल्यासाठी' हे उत्तर तयार असते. या खेपेला मात्र विचारणारी भेटली, आणि तिला देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

ती हकीकत पुढे येईलच. आधी माझी बाजू सांगतो.

आमची शाळा निपाणी भागात, वेदगंगेच्या अलीकडे. मुले तीन-चार मैलांवरून सायकलने येतात. कर्नाटक सरकारने २००६-०७ साली आठवीच्या मुलामुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून आवारातल्या लिंबाखाली सायकलींची दाटी झाली, आणि त्यांत मुलींच्या सायकली डोळ्यांत भरण्याइतक्या वाढल्या. रस्ता अरुंद, साइडपट्टी नावालाच. सायकलीला आरसा नसतो. मागे वळून पाहावे तर हँडल हलते. पाठीमागचे सारे जग सायकलस्वाराला कळते ते कानाने.

मुलांना मी हिशेब करून दाखवतो. ताशी ५४ किलोमीटरने येणारी जीप सेकंदाला १५ मीटर कापते. ताशी १८ किलोमीटरने चाललेली सायकल सेकंदाला ५. जीप ६० मीटर मागे असतानाच तिची चाहूल लागली तर कडेला व्हायला ६ सेकंद मिळतात. कान गाण्याने भरलेला असेल आणि हॉर्न १० मीटरवर ऐकू आला तर मिळतो १ सेकंद. एका सेकंदात माणूस कडेला होत नाही, नुसता दचकतो. आणि दचकलेला सायकलस्वार कोणत्या बाजूला जाईल हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

'सर, एकाच कानात घालतो की', ही सवलत मुले हमखास मागतात. पण आवाज उजवीकडून आला तर डाव्या कानी पोचायला त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशीर होतो, आणि त्या एवढ्याशा उशिरावरून, दोन कानांना कमीजास्त ऐकू येण्यावरून आपण दिशा ओळखतो. एक कान बुजवला की गाडी आहे हे कळते. कुठून येते आहे ते नीट कळत नाही. अलीकडे भोवतालचा गोंगाट पुसून टाकणारे हेडफोन निघाले आहेत. बाहेरच्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर ते निर्माण करतात. इंजिनाची खर्जातली सलग घरघर त्यांना सर्वांत चांगली पुसता येते, म्हणजे रस्त्यावर जी ऐकू यायला हवी तीच. कान उघडा ठेवून हाडावाटे ऐकवणारेही हेडफोन मिळतात. त्यांनी कान मोकळा राहतो. मन राहते का?

धारवाडला एम.ए.ला माझा विषय तत्त्वज्ञान होता. न्यायसूत्रकार गौतमाने मनाची खूण कोणती सांगितली, तर एकाच क्षणी दोन ज्ञाने उत्पन्न होत नाहीत, ही. इंद्रिये सगळी एकदम उघडी असतात, पण मन एका वेळी एकालाच जाऊन मिळते. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात, ते उगीच नव्हे. कान तर समोर बसलेल्या सगळ्यांनीच आणलेले असतात! विद्यार्थिदशेत गौतमाचे म्हणणे मला पोथीतले तर्कट वाटले होते. ते पटले २०२१ साली एका सकाळी, वीस लिटर दुधाच्या मोलाने.

टाळेबंदी सैल झाली होती. शाळा बंद, म्हणून रोज पहाटे सायकलवरून फेरी मारायचा नेम मी ठेवला होता. मुलाने पुण्याहून बिनतारी हेडफोन पाठवले होते. कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्यातले, सुळेभावीचे. त्यांचे गाणे मी चाळीस वर्षे ऐकत आलो, पण असे थेट कानाच्या आत, बाजूला उसाचे हिरवे रान आणि समोर उगवते तांबडे, असे कधी ऐकले नव्हते. खोटे कशाला सांगू, ते सुख होते. आवाज मोठा नव्हता. समोर खड्डा आला, मी चुकवायला उजवीकडे घेतले, आणि त्याच क्षणी माझ्या बगलेतून किटल्या लावलेली एक मोटारसायकल वाकडी होऊन रस्त्याच्या कडेला गेली. माणसाचे कोपर सोलले. दूध चारीत वाहून गेले.

आमच्याच गावातला दूधवाला. त्याने शिवी दिली असती तर बरे झाले असते. 'सर, दोन्ही भाषांत वरडलो की ओ,' एवढेच तो म्हणाला. आधी 'सरा, सरा' म्हणाला होता, मग हा कुणी कन्नड माणूस असेल म्हणून 'सरीरी, हादी बिडरी'. आमच्याकडे पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावर वर्षानुवर्षे वाद चालले, पण 'सरा' आणि 'सरीरी' दोन्ही आम्हांला झोपेतही कळतात. मी कानातले काढून हळूच खिशात टाकले आणि म्हणालो, 'अरे, अलीकडं मला जरा कमी ऐकू येतं.'

दुधाचे पैसे मी देऊ केले. त्याने निम्मेच घेतले. त्या दिवसापासून तो माझ्याशी मोठ्याने, शब्द सोडवून बोलतो.

या खोटेपणाचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्या गावात एक शिंपी आहे, जन्मापासून बहिरा. तोही सायकल चालवतो. पण दर दहा-वीस पावलांवर तो मान वळवून पाहतो, कडा सोडत नाही, वळताना पाय टेकतो. कानाचे काम त्याने डोळ्यांना लावून दिले आहे, आणि त्याला ऐकू येत नाही हे पंचक्रोशीला माहीत असल्याने लोकही त्याच्या बेताने गाडी हाकतात. म्हणून 'बहिरे चालवत नाहीत का?' हा युक्तिवाद मला टिकाऊ वाटत नाही. मी कुणाला न कळवता बहिरा झालो होतो. दूधवाल्याने हाक मारली आणि हाक पोचली असे धरून वेग ठेवला. रस्त्यावर हाक मारणे हा एक व्यवहार आहे. मारणाऱ्याने ऐकणाऱ्यावर टाकलेला विश्वास आहे. तेव्हा रस्त्यावरचा माझा कान पुरता माझ्या मालकीचा नसतो, मागून येणाऱ्याचाही त्यावर काही हक्क असतो. माझा जीव माझा, मी तो धोक्यात घालीन, असे म्हणणाऱ्याला हा हक्क दिसत नाही.

गंमत म्हणजे हेडफोनच्या घराण्याच्या मूळपुरुषांनाही ही टोचणी लागली होती. सोनी कंपनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात बाजारात आला. त्याला हेडफोनसाठी दोन खाचा होत्या, दोघांनी मिळून ऐकावे म्हणून; आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे मंदावे आणि छोट्या मायक्रोफोनमधून शेजारच्याचे बोलणे कानी यावे. माणसाने एकट्यानेच ऐकत बसणे अशिष्ट दिसेल अशी धास्ती कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना वाटली होती. लोकांना तसे काही वाटले नाही. प्रत्येकाला आपला स्वतंत्र हवा होता. पुढच्या नमुन्यांतून आधी ते बटण गेले, मग दुसरी खाचही गेली.

कायद्याचे म्हणाल तर फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून सायकलवरही इअरफोनला बंदी केली. सायकलींचा देश म्हणून ओळखला जाणारा नेदरलँड्स २०१९ पासून सायकल चालवताना मोबाईल हातात धरू देत नाही, पण गाणी ऐकू देतो. तिथे सायकलींना वेगळे रस्ते आहेत, हे विसरू नये. आमच्या रस्त्यावर सायकल, बैलगाडी, एस.टी. आणि म्हैस यांचा संसार एकत्रच आहे.

मी नियम सांगितला त्या दिवशी दहावीतला एक मुलगा उठून म्हणाला, 'सर, हे ट्रॅक्टरवाल्यांना सांगा की.' मुले हसली. मीही हसलो, पण मुद्दा हसण्याचा नव्हता. दिवाळी झाली की उसाचा हंगाम लागतो. ऊस कर्नाटकातला असो की महाराष्ट्रातला, रस्ता एकच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, आणि चालकाच्या डोक्याशी शेतापलीकडे ऐकू जाईल असा स्पीकर. मागच्याने कितीही हॉर्न दिला तरी त्याला ऐकू जाण्याची सोय नाही. काचा बंद करून गाणी लावलेल्या मोटारीचेही तेच. ज्याच्या हातून दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो त्याचा कान बुजलेला चालतो, आणि ज्याचे स्वतःचेच हाड मोडणार त्याने मात्र सावध राहावे. मी त्या मुलाला म्हणालो, 'चूक कुणाचीही असली तरी मोडणार तुझा पाय.' हे उत्तर व्यवहाराचे झाले, न्यायाचे नव्हे, हे बोलता बोलताच मला कळत होते. कानावरचा दुसऱ्याचा हक्क खरा मानला तर जितके वाहन जड तितके ते देणे जड असायला हवे. ट्रॅक्टरमालकांकडे मी गेलो का? नाही. ज्यांचे ट्रॅक्टर त्यांचीच मुले, आणि शाळेच्या नव्या खोल्यांना देणग्याही त्यांच्याच.

आता ती मुलगी. नववीतली, पलीकडच्या वाडीची. सप्टेंबरात तिसऱ्यांदा फाटकावर तिच्या कानातली पांढरी वायर दिसली, तेव्हा मी ती काढून घेऊन टेबलाच्या खणात टाकली. अकरा दिवसांनी ती वर्गशिक्षिका बाईंना घेऊन खोलीत आली.

'सर, वायर परत द्या.'

'गाण्यावाचून घर येत नाही का तुझं?'

'गाणं नसतंय सर. मोबाईलच नाही माझ्याकडं. टोक दप्तरात सोडते.'

मला काही उमगेना. ती बाईंकडे पाहू लागली, आणि मग बाईंनी सांगितले. वाडीच्या वाटेवर ओढ्याचा पूल आहे. संध्याकाळी कठड्यावर पोरे बसलेली असतात. मुलगी जाताना काय काय बोलतात ते बाईंनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. ऐकू आले असे चेहऱ्यावर दिसले की त्यांना चेव येतो. सायकल आडवीही घालतात. कानात वायर दिसली की हिला काही ऐकू जात नाही असे समजून चार शब्दांत गप्प होतात.

'सगळं ऐकू येतंय सर,' ती म्हणाली. 'सैलच घालते. ट्रॅक्टर ऐकायला लागतोयच की.' आणि थोड्या वेळाने म्हणाली, 'तीबी दोन्ही भाषांत बोलत्यात.'

अकरा दिवस ती त्या पुलावरून उघड्या कानांनी गेली होती. का, तर मुख्याध्यापकांना तिच्या सुरक्षिततेची काळजी होती.

रस्त्यावरच्या कानाचे जे देणे मी वर मोठ्या विश्वासाने मांडले, ते ही पोर रोज बिनचूक फेडत होती. मी कान बुजवून, ऐकू येत नाही म्हणून खोटे बोललो ते अब्रूसाठी. ती कान उघडा ठेवून, ऐकू येत नाही असे सोंग करीत होती ते सुखरूप घरी पोचण्यासाठी. दोन्हींना खोटेपणा हाच शब्द लावायला माझी जीभ वळत नाही. तिला 'कान बंद कर' म्हणावे तर मागे ट्रॅक्टर. 'उघडा ठेव आणि सोस' म्हणावे, तर ते कोणत्या तोंडाने? दुसऱ्याच्या कानावर हक्क सांगणाऱ्या रस्त्याने त्या कानात काय ओतावे याचा मी तोवर विचारच केला नव्हता. हाकेला ओ द्यावी हे खरे, पण घाणीलाही द्यावी काय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल घेऊन मी पुलावर गेलो. पाच जण होते. दोघे आमच्याच शाळेतून गेलेले. मला पाहून उठून उभे राहिले, 'नमस्कार सर' म्हणाले. मी बोललो. मान खाली घालून ऐकून घेतले त्यांनी. मान खाली घालून ऐकण्याची सवय त्यांना आमच्याच वर्गांत लागलेली, त्यामुळे त्यावरून मी काही अनुमान काढत नाही. वाडीच्या सहा-सात मुलींना आता बाई एकत्र सोडतात, आणि आठवड्यातून दोनदा मी त्याच वाटेने फेरी मारतो. ओसाड दिसतो पूल. मी नसताना कसा असतो, ते मुलींना ठाऊक.

वायर मी तिला परत दिली. 'मग घालू का?' तिने विचारले. मी 'घाल' म्हणालो. 'आणि फळ्यावरचं?' ते मी पुसलेले नाही. बाकीच्या तीनशे मुलांच्या बाबतीत ते मला अजूनही बरोबर वाटते. तिला हे पटलेले दिसले नाही.

दूधवाल्याला मात्र अजून खरे सांगायचे राहिले आहे. हा अंक दरवर्षी त्याच्या घरी येतो आणि त्याची सून पहिल्या पानापासून वाचते, तेव्हा अंक पोचायच्या आत मला एकदा त्याच्या गोठ्यावर जाऊन यावे लागेल. परवा तो वाटेत भेटला. 'सर, सावकाश जावा, मागनं ट्रॅक्टर येतोय,' माझ्या कानाशी वाकून, अगदी मोठ्याने तो म्हणाला. ट्रॅक्टर मला केव्हाच ऐकू आला होता.