वेदनेचे माप

ताप पाऱ्याला कळतो. मनाचा सल कशाला कळावा? तरीही मानसशास्त्राने प्रश्नावल्या रचल्या, आणि त्यांच्या गुणांना आज माणसाच्या देहाविषयीच्या निर्णयांतही स्थान मिळाले आहे. जन्मतः लाभलेला देह आणि अंतर्यामीची ओळख यांचा मेळ बसत नसल्याने होणारा तीव्र क्लेश अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३ साली ‘जेंडर डिस्फोरिया’ या नावाने नोंदला गेला. या क्लेशाचे माप घेणाऱ्यांवर कोणते नैतिक ओझे येते, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

हॉलंडमधील उट्रेक्टच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १२ विधाने, प्रत्येकास एक ते पाच गुण. मुलगा म्हणून जन्मलेल्यांसाठी एक आवृत्ती, मुलगी म्हणून जन्मलेल्यांसाठी दुसरी. अशी प्रश्नावली प्रमाणित करताना उत्तरे परस्परांशी सुसंगत आहेत काय हे पाहतात, आणि जे मोजावयाचे तेच मोजले जाते काय हेही पाहतात. पहिली गोष्ट गणिताने बरीचशी दाखविता येते. अडचण दुसरीची आहे. बिघडलेला काटाही दर खेपेस तेच चुकीचे वजन इमानाने दाखवीत असतो.

२००७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी २७ प्रश्नांची एक प्रश्नावली ३८९ विद्यापीठीय विद्यार्थी आणि ७३ रुग्ण यांच्यावर तपासली. तिने रुग्णांपैकी ९०.४ टक्के आणि इतरांपैकी ९९.७ टक्के अचूक ओळखले. आकडे दिपवणारे खरे; परंतु जे आपले दुःख घेऊन तज्ज्ञांच्या दारी पोहोचलेच होते, त्यांना सामान्य विद्यार्थ्यांतून वेगळे काढणे फारसे कठीण नव्हे. खरी कसोटी लागते ती संभ्रमात असलेल्या, स्वतःलाच न उमगलेल्या पंधरा वर्षांच्या मुलापाशी. तिथे हे आकडे फारसे बोलत नाहीत.

२०१४ मधील एका डच अभ्यासात तर उपचारांनंतर त्याच व्यक्तींना दुसऱ्या लिंगाची आवृत्ती देण्यात आली. पाळीविषयीचे विधान, जिला पाळी कधी येणेच शक्य नाही तिच्यापुढे! गुण उतरले. त्यांत वेदना किती उतरली आणि प्रश्न बदलल्याने किती, हे कसे वेगळे करावे? टीका झाली, ती रास्तच होती. पुढे २०२० मध्ये सर्वांसाठी एकच, १८ विधानांची आवृत्ती आली.

शिवाय ज्याला ठाऊक आहे की गुणांवर दार उघडणार आहे, तो दार उघडेल असेच उत्तर देईल. त्याला लबाड म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. कारण बुडणारा माणूस दोराची लांबी मोजत बसत नाही. दोष असेल तर परीक्षेलाच किल्ली करून टाकणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

ख्रिस्तसभेने एप्रिल २०२४ मधील ‘डिग्नितास इन्फिनिता’ या घोषणापत्रात लिंगबदलाच्या उपचारांविषयी आपली हरकत स्पष्ट मांडली आहे, आणि प्रत्येक व्यक्तीची प्रतिष्ठा कोणत्याही परिस्थितीत अबाधित असल्याचेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. आपल्यापैकी काहींना पहिले वाक्य तेवढे स्मरते, काहींना दुसरे. परंतु मापाच्या खरेपणाचा प्रश्न दोघांनाही चुकत नाही. प्रश्नावली सदोष म्हणून वेदनाच खोटी, असे म्हणणारा पिता आणि गुण भरपूर म्हणून आता विचाराला जागाच नाही, असे म्हणणारा तज्ज्ञ, हे दोघेही त्या मुलाचे ऐकणे टाळीत आहेत. पापनिवेदनाच्या खुर्चीत बसणारा धर्मगुरू कोणाला गुण देत नाही. तो प्रथम ऐकतो.

मराठीत तर आणखी एक पेच आहे. इंग्रजीतील ‘मी’ लिंग सांगत नाही. आपण मात्र ‘मी स्वतःला परका समजतो’ किंवा ‘समजते’ असे लिहिल्याविना वाक्य पुरे करू शकत नाही. जे विचारावयाचे, ते क्रियापदाने आधीच सांगून टाकलेले असते. दोन्ही रूपे तिरप्या रेघेने जोडून छापली, तरी कागद हाती धरलेल्याला त्यांतले एक वाचताना निवडावेच लागते, आणि ती निवड कोणत्याही रकान्यात नोंदली जात नाही.