सोबत

दोघी जावा. थोरलीला घरात आणि गल्लीत सगळे अक्का म्हणत, धाकटी सुनंदा. मिरजेपासून एसटीने पाऊण तासावरचं गाव, थोडा ऊस, दोन म्हशी. सुनंदाच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तिला एकच घोर लागला होता. अंगावरून पांढरं जातंय.

पांढरं म्हणजे किती आणि कसं, हे तिला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की दोन पाळ्यांच्या मध्ये तीन-चार दिवस ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं असतं आणि एरवी जरासं दुधट. खाज नाही, दुखणं नाही, घाण वास नाही. शेजारच्या पारूमावशीनं मात्र एका वाक्यात निकाल लावला, "हाडं झिजत्यात पोरी, त्येचंच पाणी हुतंय."

सुनंदा बारावी झालेली, तिनं हे हसण्यावारी नेलं असतं. पण तिच्याकडे पुरावा होता. दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या काळ्या निकरवर मधोमध तांबूस, विटका पट्टा पडला होता. जे पाणी कापडाचा रंग खातं, ते हाडं का खाणार नाही?

आठवडी बाजारातल्या झाडपाल्यावाल्याने पुड्यांचे बाराशे रुपये घेतले, वर तुरटीच्या पाण्याने रोज आतून धुवायला सांगितलं. पुड्यांनी काय झालं ते कळलं नाही. धुण्याने मात्र झालं. महिन्याभरात पांढऱ्याचं करडं झालं, पातळ झालं, त्याला मासळीसारखा वास यायला लागला. नवऱ्याशेजारी झोपायची तिला लाज वाटू लागली. आता खरंच काहीतरी बिघडलं होतं, आणि ती अजूनही दोष देत होती हाडांनाच.

एका रात्री भांडी घासताना तिनं अक्काला सांगितलं. अक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ. म्या येते सोबत."

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरबाईंनी सुनंदाला तपासलं, सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सिस्टरकडे पाठवलं. निकरच्या पट्ट्याची गोष्ट ऐकून सिस्टर हसल्या.

"घरात दही कोण लावतं?"

"मीच."

"मग तुला सोपं जाईल. बाईच्या अंगात मुळातच विरजण असतं. दह्यातल्या जंतूंच्या जातकुळीतलेच जंतू तिथं राहतात आणि आंबटपणा धरून ठेवतात. तो आहे म्हणून बाहेरचे जंतू आत ठाण मांडत नाहीत. चिंचेनं तांब्या उजळतो ना? तसाच त्या आंबटपणानं काळ्या कापडाचा रंग उडतो. हाडांचा काय संबंध? तुझं सगळं ठीक चाललं होतं गं. तू तुरटीनं विरजणच धुऊन काढलंस."

"मग आता दही लावू?"

"नको गं बाई! दही ताटात. गोळ्या पुऱ्या कर, धुवायचं ते फक्त बाहेरून, साध्या पाण्यानं. आत हात घालायचा नाही."

सिस्टर बोलायला लागल्या की थांबत नसत. दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट जाऊन खाज सुटली तर ती बुरशी, आणि ती वरचेवर व्हायला लागली तर रक्तातली साखरही बघायची. पिवळं-हिरवं, फेसाळ आलं तर एकटीनं गोळ्या घेऊन भागत नाही, नवऱ्यालाही द्याव्या लागतात. ओटीपोटात दुखून ताप भरला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. "आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक गुलाबी डाग जरी दिसला, एकच, तरी यायचं."

अक्का बाकावर बसून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. गुंडाळायची, सोडायची. अक्काचं वय एक्कावन्न, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. गेले चार महिने तिच्या अंगावरून मांस धुतल्यासारखं पाणी जात होतं. ती गडद लुगडी नेसत होती आणि आपले कपडे सगळ्यांच्या आधी उठून धूत होती. राहिलं-साहिलं जात असेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

अक्का काही जगावेगळी नव्हती. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, त्याचा अहवाल १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मध्ये इतकी वर्षं गेली. दवाखाने वाढले, रस्ते झाले. गडद लुगडी अजून आहेतच.

सुनंदा गोळ्या घेऊन दारापर्यंत गेली. मागे अक्का नव्हती. ती तिथंच उभी राहून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत म्हणाली, "सिस्टर, मला बी दावायचंय."

मिरजेला सरकारी दवाखान्यात तुकडा काढून तपासला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, पण पहिल्या टप्प्यातला. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं. रेशन कार्ड शोधायलाच काय ते दोन दिवस गेले.

सुनंदाचा वास आठवड्यात गेला होता. नव्या निकरवर पुन्हा विटका पट्टा पडलाय. सुनंदा आता ती उन्हात, दोरीवर वाळत घालते. पारूमावशी बघते आणि अजून हाडांचंच बोलते.

अक्का दर तीन महिन्यांनी तपासणीला मिरजेला जाते. सोबत सुनंदा असते.