सहीची जागा

यंदाचा उन्हाळा मी खापरखेड्यात राखेच्या विटा पाडण्यात काढला. आमच्या गावचं वीजकेंद्र 1340 मेगावॅटचं. कोळसा जळतो, त्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी राख मागं उरते. ती राख, वाळू, सिमेंट यंत्रात कालवायचं, दाबून वीट काढायची. ही वीट भाजत नाहीत, पाणी मारमारून मुरवतात. मे महिन्यात आमच्याकडचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. राख नाकात, कानात, भाकरीत. मला परदेशी शिकायला जायचं होतं. राजर्षी शाहूंच्या नावाची सरकारी शिष्यवृत्ती अख्ख्या महाराष्ट्रात वर्षाला 75 जणांना. ती हाती येईपर्यंत दाखले, जात-पडताळणी, पासपोर्ट, नागपूरच्या खेपा. तो खर्च विटांतून काढायचा होता.

जूनच्या सुरुवातीला मालकानं बायांची पंधरा दिवसांची मजुरी अडकवली. माझी मात्र चुकती केली. वर म्हणाला, ‘तुम्ही तं साहेब होणार!’ बायांनी कामगार कार्यालयात द्यायला अर्ज लिहून मागितला. मी लिहिला, फर्मास लिहिला. तेरा अंगठे उठले. मग एक मावशी म्हणाली, ‘आता तुही सही कर बापा. शिकलेल्याचं वजन पडते.’ माझी पोलीस-पडताळणी चालू होती. मालकाच्या ओळखी वरपर्यंत. मी म्हणालो, मावशी, माझे पैसे तर मिळालेत, माझी तक्रार कशी चालेल? कायद्याचं बोललो. भ्यालेल्या माणसाला कायदा बरोब्बर आठवतो. मावशी रागावली नाही. ‘जाऊ दे, तुहं नुकसान नोको करू.’

रात्री मी स्वतःला समजावलं: आधी शिकू, मोठे होऊ, मग समाजाचं ऋण फेडू. हे वाक्य आपल्या पोरांच्या तोंडी किती सराईत झालंय! आणि साक्षीला आपण बाबासाहेबांनाच उभं करतो. म्हणून तारखा काढून बसलो. 1913 साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार करून. 1917 ला त्या नोकरीवर हजर झाले. शिपाई फायली दुरून फेकत, राहायला जागा मिळेना. नोकरी सोडावी लागली. पुन्हा लंडनला निघाले ते जुलै 1920 मध्ये. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज घेऊन. आता त्या आधीच्या सहा महिन्यांतली त्यांची ‘तयारी’ बघा. 31 जानेवारीला ‘मूकनायक’. मार्चमध्ये माणगावची परिषद. मे संपता संपता आपल्या नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली परिषद. बॅरिस्टरी बाकी, लंडनची पदवी बाकी, आणि बॅग भरायच्या दिवसांत हा माणूस शत्रू जमवत होता!

कुणी म्हणेल, बाबासाहेबांची गोष्ट वेगळी. कबूल. माझा पासपोर्ट अडकला असता तर मावशीची मजुरी मिळाली असती का? तसं नाही. उलट एक पोरगा कायमचा राखेत राहिला असता. हेही खरंच आहे. पण या हिशेबात मला एक गोष्ट खुपते. मावशीलाही गमवायला होतं, उद्याचं काम. तिनं अंगठा दिला. माझ्याजवळ गमवायला जास्त, म्हणून मी सूट मागितली. म्हणजे ज्याच्याजवळ जास्त त्यालाच सूट? मग आपण शिकत जाऊ तसतसे लढ्यातून बाद होत जाऊ. उद्या पदवी असेल, नोकरी असेल, बायको-पोरं असतील. तेव्हा गमवायला आजच्यापेक्षा कमी कसं असेल? आणि मग मी ऋण फेडणार ते कोणत्या दिवशी?

पासपोर्ट आला. दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेलो. अर्ज अजून दिलेलाच नव्हता, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. तेरा अंगठ्यांखाली सही केली. तारीख मागची घालावी असं मनात येऊन गेलं. घातली नाही. मावशीला वाचता येत नाही. तिनं सहीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘आता तं काही धोका नाही ना तुले?’