थोमासाठी दार उघडे

आषाढात श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्याचा मुक्काम आटोपून माळशिरसला येते, तेव्हा गावातील कोणतेच घर त्या दिवशी केवळ स्वतःचे राहत नाही. आमच्यासारख्या तुरळक ख्रिस्ती घरांच्या दारीही वारकऱ्यांसाठी पाण्याचे माठ भरून ठेवलेले असतात. अशाच एका संध्याकाळी पुण्यात शिकणारा आमच्या नात्यातील एक तरुण ओसरीवर बसून दिंड्या पाहत होता. मध्येच तो म्हणाला, "काका, श्रद्धा खरी असेल तर तिला प्रश्नांची भीती का वाटावी? इर्ल्याला आपल्याच माणसांनी काय केले?"

प्रश्न बोचरा होता, परंतु गैरवाजवी नव्हता. मार्च 2012 मध्ये मुंबईतील इर्ला येथील वेलंकणी मातेच्या चर्चपाशी असलेल्या क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविकांनी ते भक्तिभावाने गोळा केले. बुद्धिवादी सनल एडामरुकू यांनी पाहणी करून सांगितले, की तुंबलेल्या सांडपाण्याच्या निचऱ्यातील पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत आहे. पुढे दूरचित्रवाणीवर वाद पेटला. चर्चवर चमत्कारांचा बाजार मांडल्याचे आरोपही त्यांनी केले. काही कॅथलिक संघटनांनी तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम 295अ खाली पोलिसांत तक्रारी नोंदविल्या आणि त्याच वर्षी एडामरुकू देश सोडून फिनलंडला गेले.

त्या आरोपांनी अनेक साध्या भाविकांची मने दुखावली, हे आम्ही नाकारीत नाही. सरसकट आरोप हा अन्यायच असतो. परंतु अन्याय्य बोलण्याला सत्य बोलून उत्तर द्यावे. बोलणाऱ्याला कोठडीची भीती घालणे हे उत्तर नव्हे. पाण्याविषयी त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मान्य करण्यात आपले काय गेले असते? त्या ठिबकण्याला ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून कधीच मान्यता दिली नव्हती. आपली श्रद्धा क्रूसावर मरण पावून पुनरुत्थित झालेल्या प्रभूवर आहे. भिंतीतील ओलीवर नाही.

किंबहुना, पारखून घेणे ही आपल्या घरातलीच परंपरा आहे. फ्रान्समधील लूर्ड्स येथे 1858 साली बर्नाडेटला मरियामातेचे दर्शन झाले. तेथे रोगमुक्त झाल्याचे हजारोंनी सांगितले. त्या दाव्यांची वैद्यकीय छाननी करण्यासाठी 1883 पासून तेथे डॉक्टरांची कचेरी आहे. इतक्या वर्षांत ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून स्वीकारलेल्या घटना सत्तरीच्या आसपासच आहेत. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी देवाच्या अस्तित्वाचा विचार मांडताना आरंभी विरोधकांचे आक्षेप नोंदविले. जगात दुष्टाई आहे, मग देव कसा? निसर्गाचा उलगडा निसर्गातूनच होतो, मग देव कशाला? आजच्या तरुणाला जे प्रश्न नवे वाटतात, ते त्या संन्याशाने सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आणि मगच उत्तराला हात घातला. 1998 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धा आणि बुद्धी यांच्या नात्यावर स्वतंत्र परिपत्रक काढले. प्रेषित थोमाने जखमा पाहण्याचा हट्ट धरला, तेव्हा प्रभूने त्याला बाहेर घालविले नाही. जखमाच पुढे केल्या.

एवढे ऐकल्यावर तरुण म्हणाला, "बरे, पण नीतीचे काय? चांगले वागण्यासाठी देव कशाला हवा?"

येथेही आपण घाईने 'हवाच' असे म्हणू नये. नास्तिक माणूस सज्जन असू शकतो. कित्येक आस्तिकांहून अधिक सज्जन असू शकतो. नियमशास्त्र ज्यांना मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणावर ते कोरलेले असते, असे संत पौलानेच रोमकरांस कळविले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांची मते आपल्याला पटोत वा न पटोत, त्यांनी आपल्या कार्याची किंमत प्राणांनी मोजली, हे मान्य करायला कॅथलिक माणसाला संकोच वाटू नये.

खरा प्रश्न सज्जन कोण हा नसून माणसाचे मोल कशावर ठरते, हा आहे. विज्ञानाने सोनोग्राफीचे यंत्र दिले. गर्भ मुलीचा आहे हे ते यंत्र सांगू शकते. तिने जन्म घ्यावा की नाही, हे सांगणे त्याचे काम नव्हे. ते उत्तर आपण आपल्या जुन्या हावेला विचारले. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 1991 साली 946 मुली होत्या. 2001 साली 913 आणि 2011 साली 894. शिक्षण वाढले, पैसा वाढला, मुली मात्र कमी झाल्या. मार्च 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे पुरलेले 19 भ्रूण सापडले.

या पापाविरुद्ध सर्वांत आधी आपण उठलो, असा दावा आम्ही करणार नाही. लिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, 1988 साली केला. त्यामागे स्त्री-चळवळीतील कार्यकर्त्यांचे श्रम होते आणि त्यांतील अनेकांना गर्भपाताविषयीची आपली शिकवण मान्य नव्हती. त्यांचे म्हणणे असे, की मुलींचे गर्भ वेचून पाडणे हा समस्त स्त्रीजातीचा अपमान आहे. ते सत्यच आहे. ख्रिस्तसभा त्यात आणखी एक गोष्ट सांगते: अन्याय स्त्रीजातीवर झालाच, पण तो त्या एका मुलीवरही झाला, जिला अजून नावही नव्हते. तिचे मोल तिच्या उपयोगावर, बळावर किंवा कोणाला ती हवी असण्यावर ठरत नाही. ते तिला निर्माणकर्त्याकडून मिळालेले असते. हाच न्याय अपंग बालकाला लागू आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धालाही. या शिकवणीला कोणी जुनाट बेडी म्हणोत. ज्याच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणी नसते, त्याच्यासाठी ती एकमेव भिंत ठरते.

मात्र ही भिंत आपल्याच घरी ढासळलेली असेल, तर तर्क काय कामाचा? मुलगी झाली म्हणून आपल्या घरात कोणाचे तोंड उतरत नाही काय? डिसेंबर 2016 मध्ये भारतातील कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही जातिभेद असल्याची स्पष्ट कबुली दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर 1965 सालीच बजावले होते, की नास्तिकतेच्या वाढीत श्रद्धावंतांच्या सदोष आचरणाचाही वाटा असतो. म्हणजे शंकेखोराने दाखविलेले बोट पुष्कळदा आपल्या धर्माकडे नसून आपल्या वागण्याकडे असते.

म्हणून पालकांना आमची एकच विनंती आहे. मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. उत्तर ठाऊक असेल तर सौम्यपणे द्या; संत पेत्राचा उपदेशही तोच आहे. ठाऊक नसेल तर तसे सांगा, धर्मगुरूंना विचारा, त्याच्याबरोबर बसून वाचा. गप्प बसविलेला मुलगा श्रद्धावंत होत नाही. तो फक्त घरी बोलेनासा होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पालखी वेळापूरच्या वाटेला लागली. तरुणाचे सारे समाधान झाले होते असे नाही; तसे तो म्हणालाही. परंतु रिकामे झालेले माठ त्याने न सांगता उचलून आत आणले आणि पुढच्या रविवारी तो आमच्याबरोबर मिस्सेला आला. त्याचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. आमचे दारही उघडेच आहे.