वचनाचे माप

गुलमंडीच्या बाजारात एखादा ग्रामस्थ दोन किलो साखर घेतो, पण घरी नेऊन ती पुन्हा तोलीत नाही. त्यास दुकानदाराचा भरवसा असतो. आणि माप उणे निघाल्यास शेजारी दुसरे दुकानही असते. नगराच्या कारभाराचे तसे नाही. तेथे दुकान एकच. मग त्या कारभारावर विश्वास ठेवणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, की केवळ त्याचा निरुपाय होय?

ह्याच शहराचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेचा, कचरा कित्येक वर्षे नारेगावच्या डेपोत टाकला जात असे. दुर्गंधी, धूर व दूषित पाणी भोवतालच्या खेड्यांच्या वाट्यास आले. डेपो हलविण्याची आश्वासने मिळत गेली. पण गाड्या येतच राहिल्या. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांनी वाट अडविली आणि शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. तेव्हा कचरा मिटमिट्यास नेण्याचा प्रयत्न झाला. ७ मार्च रोजी तेथे दगडफेक, जाळपोळ व लाठीमार झाला.

दगड मारणे निंद्यच होय. तथापि मिटमिट्याचे लोक ऐकून घेण्यासही का तयार नव्हते? कारण त्यांनी नारेगाव पाहिले होते. एका गावाशी मोडलेले वचन त्या गावापुरते राहत नाही. त्याचे कर्ज दुसऱ्याच गावाच्या वेशीवर फेडावे लागते.

परंतु दोष एकट्या महापालिकेचा म्हणावा काय? ओला व सुका कचरा एकत्र करून दाराबाहेर लोटणारे हात शहरवासीयांचेच होते. विश्वास हा दोहों बाजूंनी राखावयाचा असतो.

पुढे एप्रिल २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, व १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत प्रशासकांनीच कारभार पाहिला. त्या काळात आपल्या वॉर्डाचा जाब कोणास विचारावा, हे सामान्य मनुष्यास कळेना. आणि ज्यास जाब विचारता येत नाही, त्यावर विश्वास ठेवता येत नाही. फक्त त्याची वाट पाहता येते.

म्हणून, प्रिय वाचकहो, विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे, आणि हिशेब मागणे म्हणजे अविश्वासही नव्हे. पुढल्या ग्रामसभेत सरपंचांस नम्रपणे एवढेच विचारा: मागील सभेत जे कबूल केले, त्याचे काय झाले? उत्तर मिळेपर्यंत उठू नका. मात्र आपणही काही कबूल केले असेल, तर प्रथम ते पुरे करून मगच सभेस जा.