जात ठरवायची कुणी?

टोमॅटोच्या मुळावरची गाठ सुईनं फोडली की मोत्यासारखी पांढरी मादी निघते. तिचा मागचा भाग मी ब्लेडनं कापते, आतला गर साफ करते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरच्या रेषा वाचते. १९४९ साली चिटवूडनं याच रेषांवरून, तोवर एकच मानलेल्या मूळगाठ सूत्रकृमीच्या वेगवेगळ्या जाती केल्या. कमान उंच, चौकोनी तर इन्कॉग्निटा (म्हणजे 'अनोळखी', नाव ठेवणारा प्रामाणिक होता). कमान बसकी, गोलसर तर अरेनारिया. पुस्तकात हे स्वच्छ दिसतं. काचेवर मात्र बऱ्याच नक्ष्या मधल्याच कुठल्यातरी.

आपसात प्रजनन करतात ती एक जात, असं शाळेत शिकलो. या दोघींना तर नर लागतच नाही. प्रत्येकीचा वंश आपला आपण चाललेला. मग सीमारेषा त्यांच्यात आहे की माझ्या नजरेत? मला वाटतं, बरीचशी माझ्या नजरेत.

पण एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत. इन्कॉग्निटा सहसा भुईमुगावर वाढत नाही. अरेनारियाचा एक प्रकार मात्र भुईमुगाच्या मुळांतही गाठी करतो. आणि शेतकरी विचारतोय, "मॅडम, टोमॅटोनंतर भुईमूग लावू का?" एका मादीवरून मी उत्तर देत नाही. आणखी दहा गाठी फोडते.