पाहुण्याला षटके किती द्यावीत?

विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला आणि दर वेळी ‘हा करंडक उसन्या फलंदाजांनी आणला’ असा शेरा मारणारे निघालेच. आधी वसीम जाफरचे नाव पुढे आले, २०२४-२५ मध्ये करुण नायरचे. करुण २०२५ मध्ये आपल्या कर्नाटकात परतला, तेव्हा या मंडळींना आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले असेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विदर्भाने त्याच्याविना इराणी करंडक घेतला, एवढे उत्तर त्यांना पुरे. मला जास्त धास्ती वाटते ती दुसऱ्या बाजूच्या हिशेबी लोकांची. त्यांचे म्हणणे असे की, नव्याने उभ्या राहणाऱ्या संघाला एखादा नामवंत पण उतरणीला लागलेला गोलंदाज थोडक्या पैशांत मिळत असेल तर घेऊन टाकावा. जिंकलो तर वाहवा, हरलो तर गेले किती? जलज सक्सेना ३८ व्या वर्षी केरळ सोडून महाराष्ट्राकडे आला तेव्हा हा प्रश्न पुण्याच्याही दारात येऊन उभा राहिला. त्याला किती पैसे मिळाले हा मुद्दा इथे गौण आहे. या प्रश्नात पैसा नेहमीच गौण असतो.

स्वस्त पाहुण्याचा, म्हणजे बाहेरून करारावर आणलेल्या खेळाडूचा, दाखला म्हणून सगळे जाफरचेच नाव घेतात, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबावे लागेल. ३१ कसोटी खेळलेला हा मुंबईकर २०१५-१६ मध्ये विदर्भाकडे आला. पुढचा अख्खा मोसम दुखापतीत गेला. तरीही विदर्भ क्रिकेट असोसिएशनने त्याचे ठरलेले पैसे चुकते केले. त्या जाणिवेतून २०१७-१८ मध्ये तो करारापोटी काही न घेता खेळला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने ७८ धावा केल्या, विजयी फटकाही त्याचाच. मार्च २०१८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, इराणी करंडकात २८६. पुढच्या रणजी मोसमात १,०३७ धावा आणि पुन्हा करंडक. हिशेबी लोक यातला ‘फुकट’ हा शब्द तेवढा उचलतात. पण घरी बसलेल्या खेळाडूला वर्षभराचे पैसे देणारी संघटना आधी असावी लागते, मग तो फुकट खेळतो. अशी परतफेड बाजारात भाव करून मिळत नाही. शिवाय पहिल्या करंडकाच्या मोसमात विदर्भाच्या सर्वाधिक धावा जाफरच्या नव्हत्याच. कर्णधार फैज फजलने ९१२ केल्या, संजय रामस्वामीने ७७५, जाफरने ५९५. पाहुण्याने एक जागा अडवली, पण समोरच्या टोकाच्या मुलाच्या धावा खाल्ल्या नाहीत. तो जितका वेळ टिकला, तितका वेळ दुसऱ्यालाही खेळता आले.

इथवर पाहुण्यांची वकिली करणे सोपे होते. मात्र जाफरचा निकाल गोलंदाजाला लावू गेलो की सारा युक्तिवाद उलटतो. फलंदाजीत धावांना मर्यादा नाही. गोलंदाजीत षटकांना आहे. प्रतिस्पर्ध्याचे दोन डाव मिळून समजा १८० षटके चालले आणि त्यातली ५० अनुभवी पाहुण्याने टाकली, तर ती ५० कुणाच्या तरी हातातून गेली. कर्णधार बिचारा काय करणार? सामना अटीतटीला आला की चेंडू त्याच्याकडेच जाणार जो चुकत नाही, आणि जो मुलगा चुकत चुकत शिकला असता तो डीप मिडविकेटला उभा राहणार. आमच्या गोंदियाच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही: पऱ्हे टाकायच्या वाफ्यात बाहेरून आणलेला तयार धान रोवला, तर यंदा वाफा हिरवा दिसेल, पण पुढे बांधीत रोवायला पऱ्हे कुठून आणणार?

विदर्भाचा पुरावाही याच बाजूने बोलतो. २०१७-१८ मध्ये लेगस्पिनर कर्ण शर्मा बाहेरून आला होता, हा अपवाद नोंदवतो. पण कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाला ५ धावांनी नमवताना १२ बळी घेणारा आणि अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक साधणारा रजनीश गुरबाणी इथलाच. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात जामठ्यावर ११ बळी घेणारा डावखुरा आदित्य सरवटेही इथलाच. त्याआधी राजस्थाननेही हेच केले होते. पुण्याचा हृषीकेश कानिटकर कर्णधार, सलामीला आकाश चोप्रा, असे तिशी ओलांडलेले पाहुणे फलंदाजीला आणून त्यांनी २०१०-११ चा करंडक जिंकला. त्याच मोसमात हैदराबादचा डाव २१ धावांत गुंडाळणारा दीपक चहर पहिलाच सामना खेळत होता. जिंकणाऱ्या दोन्ही गरीब संघांनी बॅट उसनी आणली, चेंडू बव्हंशी घरचा ठेवला. हा योगायोग आहे असे ज्याला म्हणायचे त्याने म्हणावे.

खरा निर्णायक दाखला २०२४-२५ चा. सरवटे पस्तिशीत पोहोचला आणि पाहुणा म्हणून केरळकडे गेला. विदर्भाकडे डावखुऱ्या फिरकीची षटके रिकामी झाली आणि ती बावीस वर्षांच्या हर्ष दुबेला मिळाली. त्याने त्या मोसमात ६९ बळी घेतले. एका रणजी मोसमात इतके बळी त्याआधी कुणीच घेतले नव्हते. पुढे अंतिम सामन्यात सरवटे आणि दुबे आमनेसामने आले. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाने नेला.

यावर केरळचा माणूस चिडून म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही: सक्सेना आणि सरवटे या दोन पाहुण्यांच्या जोरावरच आम्ही इतिहासात पहिल्यांदा रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचलो. खरे आहे. पण सक्सेना केरळात २०१६ पासून २०२५ पर्यंत राहिला. त्याला पाहुणा म्हणणे हे नागपुरात तीस वर्षे राहिलेल्या माणसाला गाव विचारण्यासारखे आहे. उरला सरवटे, तो एका मोसमापुरता लागला आणि लागू पडला. करंडक हाताच्या अंतरावर असलेल्या संघाने असा शेवटचा मोहरा जरूर आणावा. मी बोलतो आहे तो ज्याला अजून उभे राहायचे आहे त्या संघाबद्दल.

अमेरिकेतल्या बेसबॉलचा दाखलाही हिशेबी लोक हटकून देतात. शिकागो कब्जने २०१३ साठी स्कॉट फेल्डमन या अनुभवी पिचरला ६० लाख डॉलरवर एका वर्षासाठी घेतले, जुलैत बाल्टिमोरला देऊन टाकले आणि बदल्यात जेक अरियेटा आणला. २०१६ मध्ये १०८ वर्षांनी कब्ज विजेते झाले, त्यात अरियेटाचा वाटा मोठा. उदाहरण झकास आहे, पण आपल्याकडे अशी अदलाबदल नाही. रणजीतला पाहुणा ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन निघून जातो, मागे कुणाला ठेवून जात नाही. जलज सक्सेना उद्या महाराष्ट्र सोडील तेव्हा पुण्याला बदल्यात कोण मिळेल? मिळायचे ते विकी ओस्तवालसारख्या, २०२२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलाच्या हातातच मिळायला हवे, आणि ते त्याने किती षटके टाकली यावर ठरेल.

म्हणून पाहुण्या गोलंदाजाला माझा सरसकट विरोध नाही. विरोध आहे तो करारात फक्त रक्कम लिहिण्याला. पाहुण्याला डावात किती षटके आणि कोणत्या टप्प्यावर, हे आधी ठरवून घ्यावे. दुसरा नवा चेंडू घरच्या मुलाकडे जाईल असेही लिहून घ्यावे, आणि ते पाळण्याची मुभा कर्णधाराला संघटनेने हरण्याची तयारी ठेवून द्यावी. उमेश यादव वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा. लेदर बॉल उशिरा हाती आला, तरी २००८ मध्ये विदर्भाने त्याला रणजीत उतरवले आणि तीन वर्षांनी तो कसोटी खेळला. त्या विदर्भाकडे जिंकण्याची घाई नव्हती, म्हणून कच्च्या मुलाला द्यायला षटके होती. आज करंडकांची सवय लागली आहे. आमगाव, देवरी, तिरोड्याचा एखादा असाच मुलगा नागपूरला निवडीसाठी गेला, तर त्याच्या वाटची षटके कुणा स्वस्तातल्या पाहुण्याच्या नावे लिहून ठेवलेली आहेत का, हे निवड समितीला आता विचारले पाहिजे.